'बिल्ड फेल झाला' म्हणजे नेमकं काय होतं? पॉवरशेलमधून एका कमांडवर सॉफ्टवेअर कसं तयार होतं, समजून घ्या

तुमच्या फोनमधलं किंवा लॅपटॉपमधलं कुठलं ना कुठलं सॉफ्टवेअर दर आठवड्याला अपडेट मागतं. आपण बटण दाबतो आणि चहा होईपर्यंत अपडेट झालेलं असतं. पण प्रोग्रामरने लिहिलेला कोड आणि तुमच्याकडे आलेलं सॉफ्टवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ये एक टप्पा असतो. त्याला म्हणतात 'बिल्ड'. घरात कुणी आयटीत असेल, तर रात्री जेवायच्या वेळी "बिल्ड फेल झालाय, पाच मिनिटांत आलो" हे वाक्य तुम्ही ऐकलंही असेल. आणि ती पाच मिनिटं किती लांबतात, हेही तुम्हाला माहिती असेल.

हा बिल्ड करतं कोण? बहुतेक ठिकाणी माणूस नाही, तर शंभर-दोनशे ओळींची एक साधी स्क्रिप्ट. ती कमांड लाइनवर, म्हणजे त्या काळ्या किंवा निळ्या खिडकीत चालते. दिसायला किरकोळ वाटते, पण २०२० साली अमेरिकेच्या सरकारी खात्यांमध्ये जी मोठी घुसखोरी उघड झाली, ती याच बिल्डच्या टप्प्यातून झाली होती. त्याकडे येऊच. आधी मुळापासून सुरुवात करू.

बिल्ड म्हणजे काय?

चकलीचं उदाहरण घ्या. तांदूळ, डाळी, धणे, जिरे भाजून भाजणी तयार केली. ती गिरणीतून दळून आणली. पीठ मळलं, सोऱ्यातून चकल्या पाडल्या, तळल्या, डब्यात भरल्या. खाणाऱ्याच्या हातात येते ती चकली. भाजणी नाही.

सॉफ्टवेअरचंही तसंच असतं. प्रोग्रामर सी शार्प, जावा, सी प्लस प्लस अशा भाषेत जे लिहितो ती भाजणी, म्हणजे सोर्स कोड. कम्पायलर ही गिरणी. ती माणसाला वाचता येणारा कोड 'दळून' कॉम्प्युटरला चालवता येईल अशा रूपात आणते. पण नुसतं दळून भागत नाही. बाहेरची तयार लायब्ररी आणावी लागते, चाचण्या घ्याव्या लागतात, सगळं एका पॅकेजमध्ये बांधावं लागतं, त्यावर आवृत्तीचा क्रमांक टाकावा लागतो, कंपनीची डिजिटल सही करावी लागते. ही सगळी साखळी म्हणजे बिल्ड. यातली एक कडी तुटली की 'बिल्ड फेल झाला'.

बटण असताना काळी खिडकी कशाला?

व्हिज्युअल स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बिल्ड करायला सरळ बटण असतं. मग टाइप करत कशाला बसायचं?

कारण बटण दाबायला माणूस लागतो आणि माणूस विसरतो. समजा टीममधला एकच जण दर महिन्याला नवी आवृत्ती तयार करतो. कुठली सेटिंग बदलायची, कुठली फाईल आधी पुसायची, चाचण्या कधी चालवायच्या, हे सगळं त्याच्या डोक्यात. आजीच्या हातच्या आमटीसारखं, मीठ अंदाजाने. तो सुट्टीवर गेला की काम थांबतं. आणि त्याच्या लॅपटॉपवर दोन वर्षांपूर्वी टाकलेली एखादी लायब्ररी पडून असेल, तर त्याच्याकडे बिल्ड होतो आणि दुसऱ्या कुणाकडेच होत नाही. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे आयटीतलं सगळ्यात बदनाम वाक्य इथूनच जन्माला येतं.

जोएल स्पोल्स्की या अमेरिकन प्रोग्रामरने २००० साली सॉफ्टवेअर टीमची पारख करायला १२ प्रश्नांची एक यादी लिहिली. ती 'जोएल टेस्ट' म्हणून ओळखली जाते. त्यातला दुसराच प्रश्न आहे, तुम्हाला एका पायरीत बिल्ड करता येतो का? त्याचा मुद्दा साधा होता. पायऱ्या जितक्या जास्त, तितक्या चुका जास्त. आणि रिलीजच्या आदल्या रात्री घाईत त्या हमखास होतात.

स्क्रिप्ट लिहिली की अंदाजाची आमटी कागदावर येते. कुणीही, कुठल्याही मशीनवर, एका कमांडवर तेच काम त्याच क्रमाने करू शकतं.

या सगळ्याची सुरुवात एका वाया गेलेल्या सकाळपासून झाली

१९७६ साल. अमेरिकेतली बेल लॅब्ज, म्हणजे युनिक्सचं जन्मस्थान. तिथे स्टीव्ह जॉन्सन नावाचा प्रोग्रामर वैतागून स्टुअर्ट फेल्डमन या सहकाऱ्याच्या खोलीत आला. तो सकाळभर आपल्या प्रोग्राममधली चूक शोधत बसला होता आणि चूक काही सापडत नव्हती. शेवटी कळलं की चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती. फक्त बदललेली फाईल पुन्हा कम्पाइल करायची राहून गेली होती. म्हणजे नवी भाजणी केली, पण दळायला द्यायचं विसरलं आणि जुन्याच पिठाच्या चकल्या तळत बसलं!

फेल्डमनचीही आदली संध्याकाळ अशाच भानगडीत गेली होती. त्याने यावर एक प्रोग्राम लिहिला, 'मेक'. कुठली फाईल कुठल्या फाईलपासून तयार होते हे एकदा लिहून ठेवायचं. मग मेक फाइलींच्या वेळा तपासतो. मूळ फाईल नवी आणि तयार फाईल जुनी दिसली, तर तेवढीच पुन्हा तयार करतो. बाकीच्यांना हात लावत नाही.

मेकच्या फाइलीत एक विचित्र नियम होता. कमांडची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, स्पेस चालणार नाही. हे गैरसोयीचं आहे हे फेल्डमनच्याही लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांची घडी मोडायला नको म्हणून त्याने ते तसंच ठेवलं. त्या डझनभर लोकांच्या सोयीसाठी जगभरचे प्रोग्रामर आजही टॅब मोजतायत. २००३ साली मेकसाठी फेल्डमनला एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. आज वेगवेगळ्या भाषांसाठी बिल्डची जी साधनं आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी मेकचीच कल्पना आहे.

विंडोजवर हे काम कोण करतं?

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट जगात मेकच्या जागी आहे एमएसबिल्ड. तो २००५ साली डॉटनेट २.० आणि व्हिज्युअल स्टुडिओ २००५ सोबत आला. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला.

गंमत अशी की व्हिज्युअल स्टुडिओमधलं बिल्डचं बटण दाबलं, तरी मागे राबतो तो एमएसबिल्डच. प्रत्येक प्रोजेक्टची एक फाईल असते. त्यात कुठला कोड घ्यायचा, कुठल्या लायब्ररी लागतात, काय तयार करायचं हे एक्सएमएलमध्ये लिहिलेलं असतं. एमएसबिल्ड ती फाईल वाचतो आणि काम करतो. त्यामुळे बटण बाजूला ठेवून त्याला थेट कमांड लाइनवरून बोलावता येतं. हल्लीच्या डॉटनेटमध्ये तर 'डॉटनेट बिल्ड' एवढे दोन शब्द टाइप करून एंटर दाबलं की पुरतं. आत तोच एमएसबिल्ड असतो.

मग पॉवरशेल मध्ये कुठून आलं?

एमएसबिल्डला कोड दळता येतो. पण त्याच्या आधीची आणि नंतरची कामं कुणी करायची? जुने फोल्डर साफ करणं, आवृत्तीचा क्रमांक ठरवणं, झिप करणं, सर्व्हरवर पाठवणं. ही कामं एक्सएमएलमध्ये लिहायची म्हणजे डोक्याला ताप. इथे लागते स्क्रिप्टची भाषा आणि विंडोजवर ती जागा पॉवरशेलने घेतली.

पॉवरशेलचा जनक जेफ्री स्नोव्हर. मायक्रोसॉफ्टमध्ये आल्यावर त्याने आधी युनिक्सची कमांड लाइन साधनं विंडोजवर आणायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. कारण युनिक्समध्ये जवळपास सगळं मजकुराच्या फाइलींमध्ये असतं. मजकूर शोधणारी, कापणारी साधनं तिथे बरोबर चालतात. विंडोजमध्ये माहिती मजकुरात नसते, ती रचनाबद्ध रूपात प्रोग्रामकडून मागून घ्यावी लागते. मग २००२ साली स्नोव्हरने 'मोनाड मॅनिफेस्टो' नावाचा दस्तऐवज लिहून नवीच कल्पना मांडली. एका कमांडने दुसऱ्या कमांडला मजकूर देण्याऐवजी आख्खी वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट द्यायचा.

फरक कसा पडतो बघा. युनिक्सच्या पद्धतीत फाइलींची यादी मागवली की मजकूर मिळतो. त्यातून आकार हवा असेल तर ओळीतला अमुक रकाना कापून घ्यावा लागतो. पॉवरशेलमध्ये प्रत्येक फाईल नाव, आकार, तारीख असं सगळं सोबत घेऊनच येते. तुम्ही फक्त 'आकार दे' म्हणायचं. बिल्डमध्ये याचा फार उपयोग होतो. प्रोजेक्टची एक्सएमएल फाईल उघडून त्यातला आवृत्तीचा आकडा काढायचा, तर एका ओळीत होतं.

या कामापायी मायक्रोसॉफ्टमध्ये आपलं पद खाली आणलं गेलं होतं, असं स्नोव्हरने नंतर जाहीरपणे सांगितलंय. शेवटी नोव्हेंबर २००६ मध्ये पॉवरशेल १.० बाहेर आलं. ऑगस्ट २०१६ मध्ये ते ओपन सोर्स झालं आणि लिनक्स, मॅकवरही चालायला लागलं. त्यामुळे आज तीच बिल्ड स्क्रिप्ट तुमच्या विंडोज लॅपटॉपवर आणि क्लाउडमधल्या लिनक्स मशीनवर चालवता येते.

एक बिल्ड स्क्रिप्ट आत काय करते?

प्रत्येक टीमची स्क्रिप्ट वेगळी, पण डॉटनेटच्या प्रोजेक्टमध्ये क्रम साधारण असा असतो.

१. साफसफाई : मागच्या बिल्डचे 'बिन' आणि 'ओबीजे' हे फोल्डर पुसले जातात. जुनं पीठ डब्यात राहायला नको म्हणून.

२. सामान आणणं : 'डॉटनेट रिस्टोअर' ही कमांड लागणारी बाहेरची पॅकेजेस नुगेट या भांडारातून उतरवते.

३. कम्पाइल : 'डॉटनेट बिल्ड'. इथे 'रिलीज' हा प्रकार सांगावा लागतो. नाही सांगितला तर 'डीबग' प्रकार तयार होतो. तो प्रोग्रामरला चुका शोधायला बरा, ग्राहकाला द्यायला नाही.

४. चाचण्या : 'डॉटनेट टेस्ट'. एकही चाचणी नापास झाली, तर पुढे जायचं नाही.

५. बांधणी : 'डॉटनेट पब्लिश' चालवून लागणाऱ्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये गोळा करायच्या आणि झिप करायच्या.

६. सही आणि रवानगी : डिजिटल सही करून तयार माल ठरलेल्या जागी ठेवायचा.

स्क्रिप्ट लांबायला लागली की कुठलं काम कुणावर अवलंबून आहे, हे सांभाळणं अवघड होतं. त्यासाठी जेम्स कोव्हॅक्सने पॉवरशेलमध्येच 'पीसाके' नावाचं साधन बनवलं. लिहिताना सुरुवातीला 'पी' आहे, पण उच्चार करायचा जपानी दारूसारखा, 'साके'. यात 'चाचणी हे काम कम्पाइलवर अवलंबून आहे' असं लिहून ठेवायचं, क्रम ते स्वतः लावतं. 'इन्व्होक-बिल्ड' हे त्याच धाटणीचं दुसरं साधन आहे.

सगळ्यात मोठा सापळा : खोटं बोलणारी स्क्रिप्ट

आता मुद्द्याची गोष्ट. बिल्ड फेल होणं वाईट नाही. फेल होऊनही 'पास' दिसणं वाईट.

कमांड लाइनवरचा प्रत्येक प्रोग्राम काम संपवताना एक आकडा मागे ठेवून जातो. त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे सगळं ठीक, दुसरं काहीही म्हणजे गडबड. आपल्याकडे परीक्षेत शून्य म्हणजे नापास, इथे उलटं आहे.

पॉवरशेलमध्ये 'चूक झाली की थांब' अशी सेटिंग आहे. ती स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिली की आपण निर्धास्त झालो, असं नवख्यांना वाटतं. पण ती सेटिंग लागू होते पॉवरशेलच्या स्वतःच्या कमांडना. डॉटनेट, एमएसबिल्ड, गिट हे बाहेरचे प्रोग्राम आहेत. त्यांनी शून्याऐवजी १ परत दिला, तर पॉवरशेल तो आकडा 'लास्ट-एक्झिट-कोड' नावाच्या जागेत नोंदवतं आणि मुकाट्याने पुढच्या ओळीवर जातं.

म्हणजे कम्पाइल झालं, चार चाचण्या नापास झाल्या, तरी स्क्रिप्ट पुढे झिप बनवते, सर्व्हरवर ठेवते आणि शेवटी हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' असं छापते. शेवटचं काम नीट झालं म्हणून सगळंच नीट झालं, असा तिचा समज. सकाळी ग्राहकाचा फोन येतो तेव्हा खरं कळतं.

उपाय अगदी सोपा आहे. बाहेरचा प्रोग्राम चालवला की लगेच खालच्या ओळीत तो आकडा तपासायचा. शून्य नसेल तर तिथेच थांबायचं आणि स्क्रिप्टनेही शून्य नसलेला आकडा देऊन बाहेर पडायचं. पीसाकेमध्ये 'एक्झेक' नावाचं फंक्शन हेच काम करतं. पॉवरशेलच्या ७.४ या आवृत्तीपासून बाहेरच्या प्रोग्रामलाही 'चूक झाली की थांब' लागू करायची सोय आहे, पण ती स्वतः चालू करावी लागते.

नवख्यांना अडवणाऱ्या चार गोष्टी

डबल क्लिक केल्यावर नोटपॅड उघडतं : पॉवरशेलची फाईल डबल क्लिकने चालत नाही, हे मुद्दाम केलेलं आहे. २००० साली 'आय लव्ह यू' हा व्हायरस ईमेलमधून आलेल्या स्क्रिप्ट फाइलीवर लोकांनी क्लिक केल्यामुळेच जगभर पसरला होता. शिवाय घरगुती विंडोजवर पॉवरशेलच्या स्क्रिप्ट चालवायला सुरुवातीला बंदीच असते. ती 'एक्झिक्युशन पॉलिसी' बदलून उठवता येते. मात्र ही पॉलिसी म्हणजे चुकून पाय पडू नये म्हणून लावलेलं फाटक आहे, चोराला अडवणारं कुलूप नाही.

एमएसबिल्ड सापडतच नाही : व्हिज्युअल स्टुडिओ असूनही 'अशी कमांड नाही' असं उत्तर येतं. कारण एमएसबिल्डचा पत्ता विंडोजच्या नेहमीच्या यादीत नसतो आणि आवृत्तीनुसार तो बदलतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं 'व्हीएसव्हेअर' हे छोटं साधन आहे. ते नेहमी एकाच ठरलेल्या जागी असतं आणि व्हिज्युअल स्टुडिओ कुठे आहे ते सांगतं.

पत्ता दिला तर पत्ताच परत येतो : 'प्रोग्राम फाइल्स' या नावात मध्ये स्पेस आहे, म्हणून पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत लिहावा लागतो. पण अवतरणात लिहिलं की पॉवरशेलला तो नुसता मजकूर वाटतो आणि ते तोच मजकूर परत छापतं. 'हा मजकूर नाही, हे चालव' हे सांगायला आधी अँपरसँडचं चिन्ह द्यावं लागतं.

फोल्डर बदलला की स्क्रिप्ट बिघडते : तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये उभे राहून कमांड दिली, त्यावर पत्ते ठरतात. म्हणून चांगली स्क्रिप्ट सगळे पत्ते 'मी स्वतः ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून' मोजते.

आणि आता ती घुसखोरी

एकदा स्क्रिप्ट तयार झाली की ती माणसाने चालवायचीही गरज उरत नाही. कुणीही कोड बदलला की बिल्ड सर्व्हर आपणहून ती चालवतो. सोय मोठी आहे. पण त्या सर्व्हरकडे मग कुणी बघत बसत नाही.

सोलरविंड्स ही अमेरिकेतल्या टेक्सासमधली कंपनी. तिचं ओरायन हे नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती वापरत होती. हॅकर्सनी तिच्या बिल्ड सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम पेरला. नंतर तपास करणाऱ्यांनी त्याला 'सनस्पॉट' असं नाव दिलं. तो दर सेकंदाला एकच गोष्ट बघायचा, एमएसबिल्ड सुरू झालाय का?

एमएसबिल्ड सुरू झाला आणि तो ओरायनच तयार करतोय असं दिसलं, की सनस्पॉट एक सोर्स फाईल गुपचूप बदलायचा. बिल्ड संपला की मूळ फाईल परत जागेवर. आपल्यामुळे बिल्ड फेल होऊ नये किंवा एखादी सूचनाही झळकू नये, याचीही काळजी त्याने घेतलेली होती. कारण बिल्ड फेल झाला असता तर कुणीतरी बघायला आलं असतं.

म्हणजे भाजणी शुद्ध, डब्यावरचं सील खरं, भेसळ झाली ती गिरणीत. प्रोग्रामरनी कोड कितीही वेळा वाचला असता तरी काही सापडलं नसतं. बाहेर पडणाऱ्या अपडेटवर सोलरविंड्सची अस्सल डिजिटल सही होती. मार्च २०२० पासून ही अपडेट ग्राहकांकडे जायला लागली. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे १८ हजारांपर्यंत ग्राहकांनी ती बसवली असावी. प्रत्यक्षात हॅकर्स पुढे घुसले ते त्यातल्या थोड्यांकडे. अमेरिकी सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलेला आकडा होता ९ सरकारी खाती आणि सुमारे १०० खासगी कंपन्या. डिसेंबर २०२० मध्ये फायरआय या सुरक्षा कंपनीला स्वतःकडच्या चोरीचा माग काढताना हे सापडलं, तोपर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

यानंतर बिल्डकडे बघायची नजर बदलली. सोलरविंड्सने एकच कोड वेगवेगळ्या, एकमेकांपासून तोडलेल्या ठिकाणी बिल्ड करून निकाल ताडून बघायची पद्धत आणली. तीन गिरण्यांतून दळून आणायचं आणि पीठ सारखं आहे का ते पाहायचं. यासाठी एका कोडमधून दर वेळी तंतोतंत तोच निकाल यायला हवा. डेबियन या लिनक्स प्रकल्पातली मंडळी २०१३ पासून नेमकं यावरच काम करत होती. या पद्धतीला 'रिप्रोड्युसिबल बिल्ड' म्हणतात. आणि ते शक्य होतं फक्त बिल्ड स्क्रिप्टमध्ये लिहिलेला असेल तर. एखाद्याच्या डोक्यात आणि लॅपटॉपवर असलेला बिल्ड ताडून बघणार कसा?

थोडक्यात

तुम्ही प्रोग्रामर असाल, तर आज एवढंच करून बघा. आपल्या प्रोजेक्टचा कोड एखाद्या कोऱ्या मशीनवर उतरवा आणि एका कमांडवर बिल्ड होतो का ते पाहा. मग मुद्दाम एक चाचणी नापास करा आणि स्क्रिप्ट थांबते का ते पाहा. ती थांबली नाही, तर आजवर तिने तुम्हाला किती वेळा खोटं सांगितलं असेल, याचा विचार करा.

आणि तुम्ही प्रोग्रामर नसाल, तर पुढच्या वेळी जेवायच्या ताटावरून कुणी "बिल्ड फेल झाला" म्हणत उठलं, तर त्याला रागावू नका. फेल झाला हे त्याला कळलं, म्हणजे स्क्रिप्ट खरं बोलली. ताट तेवढं झाकून ठेवा.